रिंग फिरवायची कोणी?

जुनं सगळं मोडीत काढणारी कंपनी चांगली की जुनं सगळं सांभाळून घेणारी, हा प्रश्न मराठी घरात विचारायचीही सोय नाही. ज्या घरात दिवाळीच्या मिठाईचा रिकामा डबा टाकला जात नाही, तिथे वीस वर्षांपूर्वी घेतलेली लेन्स कोण टाकणार? म्हणूनच निकॉन या नावाबद्दल आपल्याकडच्या हौशी छायाचित्रकारांना अंमळ जास्तच जिव्हाळा. १९५९ साली निकॉन एफ हा कॅमेरा आला. लेन्स अडकवण्यासाठी त्याच्या तोंडाशी जे धातूचं कडं होतं, ते एफ माउंट कंपनीने पुढे साठ वर्षं चालवलं. कॅननने मात्र १९८७ साली आपलं चालू माउंट एका झटक्यात बाजूला सारलं आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, आता लेन्स नव्या घ्या.

एक कंपनी निष्ठावान, दुसरी निष्ठुर. पण ‘ही लेन्स या बॉडीवर ऑटोफोकस करेल का?’ हा साधा प्रश्न विचारून बघा. निष्ठुर कंपनीकडे एका वाक्याचं उत्तर असतं. निष्ठावान कंपनीकडे तक्ता असतो, आणि तक्त्याखाली बारीक अक्षरांत तळटीपा असतात.

मुळात ऑटोफोकसला लागतं काय? फोकस चुकलाय हे कळणारं कोणीतरी, लेन्समधली भिंगं पुढे-मागे सरकवणारं कोणीतरी, आणि या दोघांमध्ये बोलणं. १९७७ साली कोनिकाचा सी३५ एएफ हा ऑटोफोकसवाला पहिला कॅमेरा बाजारात आला, तेव्हा भांडणाला जागाच नव्हती; लेन्स बॉडीला कायमची जोडलेली होती. खरा तंटा सुरू झाला तो लेन्स काढता-घालता येणाऱ्या एसएलआर कॅमेऱ्यांत. फोकस कळण्याचं काम बॉडीचं, हे सगळ्यांनी मान्य केलं. भिंगं सरकवणारी मोटर कोणी बाळगायची, यावर मात्र एकमत झालं नाही.

हा वाद सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचा आहे. तळमजल्यावर एकच दणकट पंप बसवायचा आणि सगळ्या मजल्यांना तोच पाणी चढवील असं म्हणायचं, की ज्याने त्याने आपल्या फ्लॅटमध्ये आपला छोटा पंप लावायचा? पंप बॉडीत ठेवला तर प्रत्येक लेन्स स्वस्त आणि हलकी होते. लेन्समध्ये ठेवला तर बॉडी स्वस्त होते, शिवाय प्रत्येक लेन्सला तिच्या वजनाला शोभेल अशी मोटर देता येते. पन्नास मिलिमीटरच्या चिमुकल्या भिंगांना लहान, सहाशेच्या धोंड्यासारख्या भिंगांना तगडी. दोन्ही बाजूंचं म्हणणं बरोबर आहे. सोसायटीच्या सभेत नेमकं हेच होतं, आणि म्हणूनच सभा संपत नाही.

पहिले प्रयोग लेन्सच्या बाजूने झाले. १९८१ च्या पेंटॅक्स एमई एफ या कॅमेऱ्याबरोबर जी ३५-७० झूम लेन्स मिळायची, तिच्या पोटात मोटरही होती आणि मोटरीसाठी बॅटऱ्याही. सेल लेन्सला घालायचे! निकॉनचा १९८३ चा एफ३एएफसुद्धा मोटरवाल्या लेन्स घेऊन आला. कौतुक पुष्कळ झालं, विक्री बेताचीच.

मग १९८५ साली मिनोल्टाने ७००० हे मॉडेल आणलं आणि पंप तळमजल्यावर बसवला. मोटर बॉडीत, लेन्सला फक्त एक खाच. कॅमेरा तुफान खपला, बाकीच्या कंपन्यांचे धाबे दणाणले. मात्र मिनोल्टाच्या यशाला दृष्ट लागायला वेळ लागला नाही. अमेरिकेत या मालिकेचं नाव मॅक्सम, त्यात एकमेकांत गुंतलेले दोन एक्स होते. त्यावर एक्सॉन या तेल कंपनीने हरकत घेतली, कारण तिच्या बोधचिन्हातही तसेच गुंतलेले एक्स. मिनोल्टाला अक्षरं सोडवावी लागली. त्यानंतर हनीवेल कंपनी ऑटोफोकसची पेटंटं घेऊन कोर्टात गेली. १९९२ साली ज्यूरीने हनीवेलच्या बाजूने कौल दिला आणि तडजोडीत मिनोल्टाने पावणेतेरा कोटी डॉलरच्या आसपास रक्कम मोजली. इतर जपानी कंपन्यांनीही हनीवेलशी मिटवून घेतलं. फोकस आपोआप होत होता, पैसे मात्र हाताने मोजावे लागले.

यात मिनोल्टाच्या जुन्या गिऱ्हाइकांचं काय झालं, हे फारसं कोणी विचारत नाही. ७००० बरोबर मिनोल्टानेही आपलं जुनं माउंट बदललं होतं. पण नवलाईच इतकी मोठी होती की रडारड तिच्यात बुडून गेली. कॅननच्या नशिबात तसं नव्हतं.

कॅननकडे १९७१ पासूनचं एफडी माउंट होतं आणि त्यावर पोसलेले हजारो व्यावसायिक छायाचित्रकार. १९८५ मध्ये टी८० नावाच्या कॅमेऱ्यातून त्याच माउंटवर ऑटोफोकस बसवण्याचा प्रयत्न करून झाला होता. तो फारसा चालला नाही. दोन वर्षांनी, कंपनीच्या पन्नासाव्या वर्षी, ईओएस ६५० आला आणि त्याबरोबर ईएफ माउंट. व्यास ५४ मिलिमीटर, आत ना खटका ना दांडी, फक्त विजेचे संपर्क. प्रत्येक लेन्सला स्वतःची मोटर. बॉडीने हुकूम सोडायचा, लेन्सने तो पाळायचा. जुनी एफडी लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून बसवावी म्हटलं, तर तिथेही घोडं अडलं. एफडी लेन्स फिल्मपासून ४२ मिलिमीटरवर बसायची, नव्या बॉडीत तेच अंतर ४४. मधे भिंग घातल्याशिवाय लांबचा डोंगर फोकसमध्ये येईना. लोकांनी कॅननला शिव्यांची लाखोली वाहिली, आणि ते रास्तही होतं.

पण त्या शिव्या एकदाच खाव्या लागल्या. १९८७ सालची ईएफ लेन्स आज कॅननच्या आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस बॉडीवर कंपनीच्याच अ‍ॅडॉप्टरने बसवली, तर ती निमूटपणे फोकस करते. मोटर लेन्समध्ये, हुकूम विजेचा, अ‍ॅडॉप्टरचं काम फक्त तारा जोडण्याचं.

आता निकॉनकडे वळू. कडं बदलायचं नाही हे ठरलेलं. १९८६ च्या एफ-५०१ मध्ये कंपनीने मिनोल्टाचा कित्ता गिरवला आणि मोटर बॉडीत घातली. ही योजना जवळून बघण्यासारखी आहे. बॉडीवरून लेन्स काढा. धातूच्या कड्याच्या खालच्या भागात पेचकसाचं टोक असावं तसं एक बारकं, चपटं टोक बाहेर आलेलं दिसेल. लेन्स काढायचं बटण दाबलं की ते लाजून आत जातं. फोकसचा खटका ‘एम’वर नेला तरी आत जातं. लेन्सच्या पाठीवर त्याच्या समोर बरोबर तेवढीच खाच. लेन्स फिरवून ‘खट्’ झालं की टोक खाचेत बसतं, आणि शटर अर्धं दाबलं की बॉडीतली मोटर लेन्सला स्क्रूसारखी पिळते. आवाज घर्रर्र येतो. बारशात झोपलेल्या बाळाचा फोटो काढायला गेलेल्या फोटोग्राफरला हा आवाज चांगलाच ठाऊक आहे, आणि बाळाच्या आजीलाही.

ही पद्धत स्वस्त आणि भक्कम होती. पण मोठ्या टेलीफोटोंची जड भिंगं पिळताना बॉडीची दमछाक व्हायची, आणि मैदानाच्या कडेला बसलेले कॅननवाले आपल्या अल्ट्रासॉनिक मोटरीने आवाज न करता फोटो उडवत होते. कॅननची तशी पहिली लेन्स, ३०० मिलिमीटर एफ/२.८, १९८७ पासूनच बाजारात होती. निकॉनने १९९२ मध्ये काही बड्या लेन्सच्या आत मोटर दिली, या एएफ-आय. १९९६ मध्ये एएफ-एस आल्या, यांच्यात निकॉनची स्वतःची अल्ट्रासॉनिक मोटर. म्हणजे एफ३एएफच्या वेळी मोटर लेन्समध्ये, एफ-५०१ च्या वेळी बॉडीत, आणि आता परत लेन्समध्ये. कडं तेच. ‘खट्’ही तेच.

आता एक सुरस जोडी पाहा. १९८६ ची एफ-५०१ बॉडी, तिच्यात मोटर आहे. त्यावर पुढच्या काळातली एएफ-एस लेन्स चढवा, तिच्यातही मोटर आहे. एकूण मोटरी दोन, ऑटोफोकस शून्य. लेन्सला खाच नाही म्हणून बॉडीची मोटर रिकामी फिरणार, आणि लेन्सच्या मोटरीला हुकूम कसा सोडायचा हे बॉडीला शिकवलेलंच नाही म्हणून ती गप्प बसणार. दोघीही घरात, आणि चूल विझलेली.

याच्या उलट प्रकार २००६ मध्ये झाला. निकॉनने डी४० आणला: सहा मेगापिक्सेल, छोटा, हलका, स्वस्त. वजन आणि किंमत कमी करताना कंपनीने बॉडीतली मोटर काढून टाकली. पुढे डी६०, डी३०००, डी५०००, डी३१००, डी५३००, पार डी३५०० आणि डी५६०० पर्यंतची मंडळी याच बिनमोटरच्या घराण्यातली. आपल्याकडे बारावी पास झाल्याचं बक्षीस म्हणून किंवा पहिल्या पगारातून घेतलेला पहिला डीएसएलआर पुष्कळदा यांच्यापैकीच एक असतो. त्यावर १८-५५ ची किट लेन्स. सहा महिन्यांत मित्र सांगतो, ‘पोर्ट्रेट काढायचेत ना? मग फिफ्टी घे.’ आणि बाजारात सगळ्यात स्वस्त फिफ्टी कोणती? एफ/१.८ डी. ती डी म्हणजे स्क्रूवाली. तिला स्वतःची मोटर नाही.

सेकंडहँड काउंटरवर या प्रसंगाचा संवाद थोड्याफार फरकाने ठरलेला असतो.

‘काका, माझ्या डी५३००ला चालेल ना ही?’

‘चालेल म्हणजे? धावेल! लावून बघा की.’

पोरगा लेन्स लावतो. खट्. शटर अर्धं दाबतो.

‘काका, आवाज येत नाहीये.’

‘अहो, चांगल्या लेन्सला आवाज नसतोच.’

‘पण फोकस पण होत नाहीये.’

‘तो हाताने करायचा. प्रोफेशनल लोक हातानेच करतात, साहेब.’

काका खोटं बोलत नाहीत, ही त्यातली मेख आहे. लेन्स बसते. उजेड मोजणारं मीटर चालतं. फोटो येतो. एवढंच काय, रिंग हाताने फिरवताना व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका लागतो: फोकस बरोबर आला. म्हणजे बॉडीला सगळं कळत असतं. कुठे चुकलंय हेही कळतं, कधी जमलं हेही कळतं. करता मात्र काही येत नाही; बघायचं आणि ठिपका लावायचा.

शिवाय डी लेन्सवरची अ‍ॅपर्चरची, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या भोकाची, रिंग एफ/२२ वर नेऊन कुलूप लावून ठेवायची असते. ते विसरलं की पडद्यावर इंग्रजीत ‘एफ ई ई’ ही अक्षरं लुकलुकतात. नवख्याला वाटतं, कॅमेरा आता फी मागतोय.

याच डी४० ची आणखी एक खुबी. १९७७ मध्ये निकॉनने एआय पद्धत आणली, म्हणजे लेन्सचं अ‍ॅपर्चर किती ते बॉडीला कळावं म्हणून कड्याभोवती एक छोटी जीभ आली. त्याआधीची लेन्स अशा जिभेच्या बॉडीवर दामटून बसवली तर जीभ मोडण्याची भीती. डी४० मध्ये ही जीभही नाही. त्यामुळे १९६० च्या दशकातली लेन्स महागड्या बॉडीला इजा करू शकते आणि सगळ्यात स्वस्त बॉडीवर सुखाने बसते. मीटर अर्थातच चालत नाही. पणजोबांना घरात मान आहे, काम नाही.

निकॉनच्या बाराखडीचा अभ्यास हा खरं तर स्वतंत्र पदविकेचा विषय व्हावा. एआय, एआय-एस, एएफ, डी, एएफ-आय, एएफ-एस, जी, ई, एएफ-पी. यातलं डी म्हणजे अंतराची माहिती कळवणारी लेन्स. तिच्यात मोटर नाही. पण नाव एएफ-एसने सुरू होत असेल आणि शेवटी डी असेल, तर मोटर आहे. जी म्हणजे अ‍ॅपर्चरची रिंग काढून टाकलेली. ई या अक्षराचा थाट तर और. १९७९ मध्ये सिरीज ई नावाच्या लेन्स आल्या त्या हाताने फोकस करायच्या, स्वस्तातल्या. पुढे लेन्सच्या नावात आलेला ई म्हणजे विजेवर चालणारं अ‍ॅपर्चर; यातल्या काही लेन्सची किंमत विचारायलाही धीर लागतो. आणि ही महागडी ई लेन्स फिल्मच्या निकॉनवर लावली तर अ‍ॅपर्चर मिटतच नाही, सदैव सताड उघडं. तरी एफ माउंट एकच!

कहर झाला तो २०१६ मध्ये. एएफ-पी लेन्स आल्या. यांच्यात स्टेपिंग मोटर: चपळ, जवळजवळ निःशब्द, व्हिडिओसाठी झकास. यामागे कारणही सबळ होतं. आरशाच्या कॅमेऱ्यात फेज डिटेक्शन नावाची पद्धत असते. लेन्सच्या दोन कडांनी आलेल्या प्रकाशाची तुलना करून ती सांगते, अमुक दिशेने अमुक इतकं सरक. लेन्स एका उडीत तिथे पोचते. पण लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून फोटो काढताना, आरसा वर जातो, आणि मग बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत कॉन्ट्रास्ट बघत चाचपडावं लागतं: थोडं पुढे, अजून पुढे, गेलं, थोडं मागे. एका उडीसाठी घडवलेल्या जुन्या मोटरींना ही टिचकी-टिचकी पावलं टाकता येत नाहीत; त्या हेलपाटे घालतात. स्टेपिंग मोटर हे काम सहज करते.

फक्त एक अट होती. एएफ-पी लेन्सची रिंग भिंगांना प्रत्यक्ष जोडलेलीच नाही. रिंग फिरवली की लेन्स मोटरीला सांगते आणि मोटर भिंगं हलवते. बॉडीला ही लेन्स ओळखता आली नाही तर मोटर झोपलेली, आणि रिंग हाताने कितीही फिरवा, आत काही हलत नाही. डी३३००, डी५३०० यांसारख्या बॉडींना फर्मवेअर अपडेट करून शहाणं करता आलं. डी९०, डी३१००, डी३२००, डी५१०० आणि डी७००० यांना नाही.

डी७००० वर क्षणभर थांबायला हवं. २०१० ची ही बॉडी, हिच्या पोटात स्क्रूची मोटर आहे, १९७७ च्या एआय लेन्ससाठी जीभही आहे. त्या काळातली पितळी लेन्स हिच्यावर मीटरसकट चालते. आणि २०१६ ची, तिच्याच कंपनीची, प्लास्टिकची किट लेन्स तिच्यावर हातानेही फोकस होत नाही.

कॅननवाल्यांनी इथे गालातल्या गालात हसू नये. त्यांच्याही घरात मातीच्याच चुली. २००३ मध्ये छोट्या सेन्सरसाठी आलेल्या ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम ईओएसवर बसतच नाहीत. २०१२ मध्ये मिररलेससाठी ईएफ-एम माउंट निघालं, सेन्सरपासूनचं अंतर १८ मिलिमीटर. २०१८ मध्ये आरएफ माउंट आलं, अंतर २० मिलिमीटर. लेन्स १८ वर बसायची, बॉडी २० च्या आत घेत नाही. दोघींत अ‍ॅडॉप्टर घालायचा तर जाडी उणे दोन मिलिमीटर हवी. ईएफ-एम घराणं बंद पडलं आणि त्या लेन्स त्याच बॉडींबरोबर राहिल्या.

मोटर कोणाची हे ठरलं तरी बॉडी दुसऱ्या कारणांनी अडून बसते. हिवाळ्यात उजनीच्या पाणलोटात, भिगवणला, पहाटे नावेत बसून रोहित पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना हा अनुभव पाठ आहे. १००-४०० ची लेन्स कमी पडते, म्हणून मधे १.४ चा टेलीकन्व्हर्टर घालायचा. पल्ला वाढतो, पण एफ/५.६ चं एफ/८ होतं, आणि बऱ्याच डीएसएलआर बॉडी तिथे हात वर करतात. फेज डिटेक्शनला लेन्सच्या दोन टोकांचा प्रकाश हवा असतो. भोक लहान झालं की टोकं त्याच्या पलीकडे जातात. यावर कॅननवाल्या पक्षीप्रेमींनी देशी वाटावा असा इलाज जगभर केला. कन्व्हर्टरच्या तीन पिनांवर पातळ चिकटपट्टी लावायची. कन्व्हर्टर बसलाय हे बॉडीला कळतच नाही, ती एफ/५.६ च आहे असं समजून कामाला लागते. उन्हात बरंच जमतं. उजेड कमी झाला की लेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत राहते आणि तोवर रोहित उडून जातात.

ईओएस-१डी एक्स हा त्या वेळचा कॅननचा सर्वांत वरचा कॅमेरा. तोही सुरुवातीला एफ/८ ला फोकस करत नव्हता. ऑक्टोबर २०१२ मध्ये फर्मवेअरने ही सोय दिली. मिररलेसमध्ये फोकसचं काम थेट सेन्सरवर आलं आणि ही वेस मोडली. २०२० मध्ये कॅननने ६०० आणि ८०० मिलिमीटरच्या अशा लेन्स विकायला काढल्या, ज्यांचं अ‍ॅपर्चर मुळातच एफ/११. कालपर्यंत जिथे प्रवेश बंद होता, तिथे आता काउंटर उघडलं.

आणि मग तिसरा पक्ष. सिग्मा, टॅमरॉन, टोकिना. कॅमेरा कंपन्या आपल्या बॉडी-लेन्सची बोली सहसा कोणाला शिकवत नसत, म्हणून हे लोक ती बाहेरून ऐकून शिकले. ऐकून शिकलेली भाषा रोजच्या व्यवहाराला पुरते. घरच्यांनी नवा शब्द काढला की पंचाईत. जुन्या काही सिग्मा लेन्स नव्या ईओएस बॉडीवर लावल्या की ‘एरर ९९’ दिसायचा. सिग्माने कित्येक लेन्सची चिप बदलून दिली. फार जुन्यांना ते भाग्य लाभलं नाही. पुढे सिग्माने यूएसबी डॉक काढला. त्यात लेन्स बसवायची, संगणकाला जोडायची, आणि घरबसल्या तिला नवे शब्द शिकवायचे.

सोनीने २०११ मध्ये ई माउंटची मूलभूत माहिती इतरांना मोफत देऊ केली आणि टाळ्या घेतल्या. मात्र सेकंदाला ३० फोटो काढणारी सोनीची ए१ बॉडी दुसऱ्या कंपनीची लेन्स लावल्यावर १५ वरच थांबते. पाहुण्याला जेवायला वाढायचं, पण दुसऱ्यांदा विचारायचं नाही. कॅननने तर २०२२ मध्ये व्हिलट्रॉक्स या चिनी कंपनीला आरएफच्या ऑटोफोकस लेन्स विकणं थांबवायला लावलं आणि पेटंटचं कारण दिलं. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनना रीतसर परवाना मिळाला. तोही छोट्या सेन्सरच्या लेन्सपुरता.

मिररलेसच्या काळात निकॉनने अखेर कडं बदललं. २०१८ मध्ये झेड माउंट आलं: व्यास ५५ मिलिमीटर, सेन्सरपासून अंतर १६. जुन्यांसाठी एफटीझेड नावाचा अ‍ॅडॉप्टर दिला. एएफ-एस लेन्स त्यावर छान फोकस करतात. स्क्रूवाल्या डी लेन्स मात्र हातानेच, कारण अ‍ॅडॉप्टरमध्ये मोटर नाही. २०२१ मध्ये एफटीझेड दोन आला. त्याचा तळाचा फुगवटा गेला, मोटर काही आली नाही. सोनीने मिनोल्टाचा वारसा घेतला होता, तिने २०२० मध्ये एलए-ईए५ या अ‍ॅडॉप्टरमध्ये स्क्रूची मोटर घातली. तीही सुरुवातीला सोनीच्या मोजक्या बॉडींवरच फिरायची. तळटीप इथेही सुटली नाही.

या सगळ्या भांडणात दोन अवलियांनी भलताच मार्ग काढला. १९९६ मध्ये कॉन्टॅक्सचा एएक्स कॅमेरा आला. कॉन्टॅक्सच्या झाइस लेन्स सगळ्या हाताच्या; त्यांना मोटर ना खाच. तेव्हा लेन्सला न हलवता कॅमेऱ्याने आपल्या पोटातली फिल्मच पुढे-मागे सरकवायची, असं त्यांनी ठरवलं. बॉडी त्यामुळे भलती जाड झाली, पण जुन्या लेन्स एकाएकी ऑटोफोकस करू लागल्या. वीस वर्षांनी, २०१६ मध्ये, टेकआर्ट या चिनी कंपनीने हीच गोष्ट उलटी केली. सोनी बॉडी आणि लायका लेन्स यांच्यामध्ये एक मोटरवाला अ‍ॅडॉप्टर घातला, जो अख्खी लेन्सच पुढे ढकलतो. त्यावर आणखी एक अ‍ॅडॉप्टर चढवला की जुनी निकॉन लेन्सही बसते. म्हणजे १९६० च्या दशकातली, ऑटोफोकस हा शब्दही न ऐकलेली निकॉन लेन्स सोनीच्या बॉडीवर आपोआप फोकस करते. आणि १९९० च्या दशकातली, नावातच एएफ मिरवणारी निकॉन लेन्स निकॉनच्याच झेड बॉडीवर कंपनीच्याच अ‍ॅडॉप्टरने लावली तर हाताने फिरवावी लागते.

तेव्हा निष्ठुर कंपनीने गिऱ्हाइकाला एकदा रडवलं आणि पुढे बरीच वर्षं सुखात ठेवलं. निष्ठावान कंपनीने कधीच रडवलं नाही, फक्त दर दहा वर्षांनी नवं अक्षर शिकायला लावलं. ज्याला एफ माउंटचा सगळा तक्ता तोंडपाठ आहे, अशा माणसाशी लेन्सवरून वाद घालू नये. त्याने आयुष्याची चांगली वर्षं त्यात घातलेली असतात.

बाकीच्यांसाठी नियम सोपा आहे. जुनी निकॉन लेन्स घ्यायला जाताना स्वतःची बॉडी बरोबर न्या. कड्यावर ते चपटं टोक आहे का, आधी बघा. असेल, म्हणजे डी९०, डी७०००, डी७२००, डी७५०० किंवा त्यावरची बॉडी असेल, तर पन्नासची एफ/१.८ डी बिनधास्त घ्या; तेवढ्या पैशात तिच्या तोडीची लेन्स नाही. टोक नसेल, तर थोडे जास्त पैसे टाका आणि २०११ ची एएफ-एस ५० एफ/१.८ जी घ्या, किंवा छोट्या सेन्सरसाठी ३५ ची एएफ-एस. एएफ-पी दिसली तर बॉडीचं मॉडेल आणि फर्मवेअर तपासल्याशिवाय खिशात हात घालू नका. दुकानात लेन्स लावा, उजेडाकडे नको, कपाटाखालच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे धरा, शटर अर्धं दाबा. फोकस झाला तरच पैसे मोजा, आणि पावतीवर लेन्सचं नाव शेवटच्या अक्षरासकट लिहून घ्या.